आबा, ती गिटार कडब्यात मी ठेवली होती

आबा,

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव उतरला, मागून आणलेली पातेली ज्यांची त्यांच्याकडे पोचती केली. आता घरात आम्ही दोघं नवरा-बायकोच आहोत आणि मी ओट्यावर बसून तुम्हाला लिहितेय. या दिवसांत खांडबाऱ्यातले किती लोक येऊन गेले. लाकडाच्या वखारीतले म्हणाले, आबांसारखं माप घेणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. नुसत्या नजरेने ओंडक्याचे घनफूट सांगायचे. सगळं खरं होतं. पण मला जे बोलायचं आहे ते त्यात कुणीच बोललं नाही, कारण तुम्हाला आणि मला सोडून ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

आधी एक सांगते. तुमच्यासमोर मी यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. पण कागदावर ‘हे’ आणि ‘यांनी’ लिहीत बसले तर माझाच गोंधळ उडेल, म्हणून मधुकर असंच लिहिते. आणि मी लिहिते ती शाळेतली मराठी, आपण घरात अशी बोलत नव्हतो. तुमचे शब्द मात्र जसे होते तसेच ठेवते. ते बदलले की तुमचा आवाज ऐकू येत नाही.

कळसाडीहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मधुकर सुरतेच्या कापडगिरणीत नोकरीला, शनिवारी गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मधले पाच दिवस घरात तुम्ही, मी आणि म्हैस. पहिल्या महिन्यात मी इतकी घाबरून असायची की तुम्ही वखारीतून आलात की आत पळायची. तुम्ही ते ओळखलंत. एक दिवस येताना खिशातून लाकडाच्या चार ढलप्या आणल्यात, माझ्यापुढे ठेवल्यात आणि म्हणालात, “डोया मीट. वास ली देख, कोन्ता लाकूडना शे ते सांग.” मला हसूच आलं. मी शेतकऱ्याची मुलगी, मला कापसाचा वास कळायचा, लाकडाचा कुठून कळणार. पण आठ दिवसांत सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास मला ओळखता यायला लागला. मग शिसव, मग हळदू. सासऱ्याची भीती अशी वासावासाने गेली.

आणि ती गिटार. सुरतेच्या एका पारशी म्हातारीने मधुकरांना दिलेली. तिचा नवरा वाजवायचा, तो वारल्यावर घरात वाजवणारं कुणी उरलं नाही. विजेवर चालणारी गिटार. पोकळ डबा नाही, भरीव लाकूड. मांडीवर आडवी ठेवायची आणि एका हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. मधोमध मधासारखा पिवळा रंग आणि कडेकडे जाताना तांबडा, मग जवळजवळ काळा. मधुकर सुरतेत लग्नांमध्ये वाजवणाऱ्या एका पार्टीत ती वाजवायचे. इथे आणायचे तेव्हा वीज नसल्यामुळे नुसत्या तारा छेडायचे. भिंतीपलीकडे चिमणी चोच मारतेय असा बारीक आवाज यायचा. तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणायचात, “पाटले तारा ठोकीसन बठेल शे मन्हा पोऱ्या.” ते ऐकून मधुकर गिटार गुंडाळून खुंटीला टांगायचे. रागवायचे नाहीत, पण पुन्हा त्या दिवशी काढायचेही नाहीत.

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. माघ महिना होता. मधुकर आले आणि जेवताना म्हणाले, मुंबईला एका मोठ्या पार्टीत गिटारवाल्याची जागा आहे, मी गिरणी सोडतोय, पुढच्या रविवारी निघेन. किती दिवस, असं तुम्ही विचारलंत. वर्षभर तरी, ते म्हणाले. सुमन इथेच राहील. मला कुणी काही विचारलं नाही. मी भाकरी वाढत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत एवढं मला आठवतं.

सुरतेची खोली सोडायची होती, सामान हलवताना धक्का लागू नये म्हणून त्यांनी गिटार आठवडाभर इथेच ठेवली. शनिवारी येऊन घेऊन जातो, म्हणाले.

मी बुधवारी दुपारी तुम्ही वखारीत असताना ती खुंटीवरून काढली. पिशवीतून बाहेरही काढली, का ते अजून सांगता येत नाही. बहुतेक मला ती एकदा बघायची होती. मग मागच्या पडवीत नेऊन कडब्याच्या पेंढ्यांमागे ठेवली आणि वर आणखी दोन पेंढ्या टाकल्या. मोडायची नव्हती, आबा. देवाशपथ मोडायची नव्हती. मला इतकंच हवं होतं की शनिवारी ती सापडू नये. रविवारची गाडी चुकावी, मुंबईची जागा दुसऱ्या कुणाला जावी आणि मग ती कुठेतरी सापडावी. एकवीस वर्षांची होते. यापलीकडे विचार गेला नाही.

म्हशीचं दावं त्या रात्री सुटलं आणि ती कडब्याकडे गेली. पहाटे धार काढायला तुम्ही गेलात. मी चुलीपाशी पीठ मळत होते. तुम्ही गिटार दोन्ही हातांवर घेऊन आलात, लहान मूल आणावं तशी, आणि अंगणातल्या खाटेवर ठेवलीत. दोन फळ्या जिथे सरसाने जोडल्या होत्या तिथे ती उभी फाटली होती. खालचा एक कोपरा तुटून गेला होता. शेण-मुताने रंग फुगला होता, एका जागी खुराची चंद्रकोर उमटली होती. माझे हात पिठात तसेच राहिले. तुम्ही म्हणालात, “म्हशीना पाय पडना.” एवढंच. घरात आपण दोघं. तुम्ही ठेवली नव्हती, म्हणजे कोणी ठेवली हे कळायला काय लागतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही. हातपाय धुतलेत आणि वखारीत गेलात.

शनिवारी मधुकर आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी होते. त्यांनी खाटेवरची गिटार पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, ही पडवीत कशी गेली.

तुम्ही म्हणालात, “मी ठेयेल व्हती तठे. घरमा जागा नव्हती.”

मधुकर म्हणाले, “तुम्हाला ती पहिल्यापासून नकोच होती.”

तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. मीही नाही. माझ्या हातातला तांब्या मी परत आत नेऊन ठेवला, हे मला चांगलं आठवतं, कारण मधुकर पाणीही न पिता गेले. गिटार खाटेवरच राहिली. संध्याकाळच्या गाडीने ते सुरतेला परतले. मुंबई राहिली, गिरणी चालू राहिली. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, फक्त तुमचा मुलगा घरी यायचा थांबला.

तुम्हाला वाटेल, पोरीला सगळं एवढं कसं लक्षात राहिलं. आबा, हे विसरायचा जितक्यांदा प्रयत्न केला, तितक्यांदा तेच आठवलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वखारीतून लवकर आलात. खाटेशेजारी उकिडवे बसून गिटारीच्या फाटलेल्या जागेत नख घालून पाहिलंत, नाकाजवळ नेऊन वास घेतलात. म्हणालात, “लाकूड मरेल नही. सुकू दे त्याले.” मग मला हाक मारलीत. “तू सातवी शिकेल शे. तू लिख. मन्हा ध्यानमा ऱ्हास नही.”

तारा काढल्या, तारा पिळायच्या खुंट्या काढल्या, तारांखालचं ते लोखंडी झाकण आणि त्याच्या पोटातली केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी काढली. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं आणि कुठला स्क्रू कुठला ते लिहिलं. तुम्ही माझं अक्षर बघत होतात. “चांगलं लिखस,” म्हणालात. त्या घरात माझ्या अक्षराबद्दल कुणी पहिल्यांदाच बोललं.

पंधरा दिवस नुसतं वाळवणं. ऊन लागू द्यायचं नाही, सावलीत ठेवायची, रोज कूस बदलायची. मग तुम्ही फाटलेली जोड पूर्ण उकललीत. मी म्हटलं, अहो आबा, आणखी कशाला मोडता. तुम्ही म्हणालात, अर्धवट फाटलेल्याला सरस धरत नाही. सरस शिजवायचं काम माझ्याकडे आलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, त्यात सरसाचे खडे. जळकं कातडं उकळावं तसा वास. दोन दिवस मला जेवण जाईना. फळ्या जोडून काथ्याच्या दोरीने बांधल्यात, दोरीत काठी घालून पीळ दिलात आणि वर ज्वारीचं पोतं ठेवलंत. पोतं काढायला मी रोज विचारायची, तुम्ही रोज नाही म्हणायचात.

तुटलेल्या कोपऱ्यासाठी तुम्ही वखारीतून शिवणीच्या लाकडाचा तुकडा आणलात. साग जड होईल म्हणालात, वजन बदललं तर मांडीवर बसणार नाही. तुम्ही ती कधी मांडीवर घेतली नव्हती, तरी हा विचार तुम्हाला सुचला. तो तुकडा तासायला तुम्हाला चार संध्याकाळी लागल्या. बसवून बघायचा, काढायचा, कानशीने दोन हात मारायचे, पुन्हा बसवायचा.

मग रंग काढायचा. फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचा हे मला तुम्ही दाखवलंत. काच तिरकी धरली की रंगाची सालं निघतात आणि लाकडाला ओरखडा येत नाही. त्यावर काचकागद, आधी भरड, मग बारीक. खुराची चंद्रकोर काढायला तुम्ही ओलं फडकं ठेवून त्यावर तापलेली इस्त्री टेकवलीत आणि दबलेलं लाकूड हळूहळू वर आलं. मी बघतच राहिले. सगळा रंग निघाल्यावर आतून जे लाकूड निघालं ते गुळाच्या रंगाचं, त्यात रेशमासारखी रेघ. तुमच्या नवीन तुकड्याची रेघही त्याला बरीच जुळत होती.

तिथेच आपला वाद झाला. मी म्हटलं, यावर रंग नको, नुसतं पॉलिश करू, इतकं सुंदर लाकूड रंगाखाली कशाला दडवायचं. तुम्ही म्हणालात, “हाई त्यानं शे, आपलं नही. जसं व्हतं तसंच त्याले परत देवानं.” मी म्हटलं, त्यांना हेच जास्त आवडेल. तुम्ही म्हणालात, आवडेल की नाही ते त्याला ठरवू दे, त्याच्या वस्तूवर आपली आवड लादायची नाही. दोन दिवस आपण त्यावर बोलत होतो. मी सासऱ्याशी वाद घालते हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुमच्या आलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तुम्ही हसत होतात. शेवटी तुमचंच झालं. पण मी अजूनही म्हणते, ते लाकूड उघडं ठेवायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणून मी हा वाद सोडत नाही.

तो रंग तुम्हाला साधला नाही. मधला पिवळा आणि कडेचा तांबडा यांच्यामध्ये तुमच्या हातून सरळ रेघ पडायची. रेघ पडायला नको होती, एक रंग दुसऱ्यात विरायला हवा होता. तुम्ही पोचा माझ्या हातात दिलात. तुमच्याच जुन्या मऊ धोतराचा पोचा, आत कापूस. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात रंग मिसळलेला. “हात थांबाडू नको,” तुम्ही सांगितलंत. “हात थांबना का डाग पडस.” मी गोल गोल फिरवत कडेकडून आत यायची. पहिल्या दिवशी बरं जमलं, दुसऱ्या दिवशी त्याहून बरं. चैत्र संपत आला होता. लाखेचे हात चढत होते, रोज दोन, कधी तीन, मध्ये शेंगदाण्याच्या तेलाचं एक बोट.

एका ढगाळ सकाळी मी घाईने हात दिला. माझा हातही ओला राहिला असेल. तासाभरात सगळ्या पॉलिशवर दुधासारखी पांढरी साय आली. बारा-तेरा दिवसांचं काम. मी तिथेच खाली बसून रडायला लागले. तुम्ही जवळ येऊन उभे राहिलात, स्पिरिटचा बुधला आणलात, फडकं भिजवलंत आणि तो पांढरा थर पुसायला सुरुवात केलीत. “लाख परत विरघळस,” म्हणालात. “म्हनीसन तर लाख लावतस.”

त्या वेळी मी बोलले होते. तुमच्या लक्षात असणार. मी म्हटलं, “आबा, ती कडब्यात...”

तुम्ही हातातलं फडकं न थांबवता विचारलंत, “म्हशीले पाणी दाखाडं का?”

मी उठून गेले. परत आले तेव्हा तुम्ही दुसरंच काही बोलायला लागलात.

त्या चार महिन्यांत मधुकरांची पत्रं माझ्या नावाने यायची. त्यात तुमच्यासाठी एक ओळ नसायची. पत्र आलं की तुम्ही विचारायचात, “बरा शे ना?” मी म्हणायची, बरे आहेत, तुम्हाला नमस्कार लिहिलाय. पत्र मी फडताळावर ठेवायची. तुम्हाला वाचता येत होतं, आबा. वखारीच्या पावत्या रोज वाचायचात तुम्ही. एकदा मी विहिरीवरून आले तेव्हा पत्राची घडी मी घातली तशी नव्हती. तरी पुढच्या पत्राच्या वेळी तुम्ही पुन्हा तसंच विचारलंत, मी पुन्हा तसाच नमस्कार सांगितला आणि तुम्ही म्हणालात, “लिख, आबा बी बरा शे.” ते मी प्रत्येक पत्रात लिहिलं. गिटार कडब्यात कोणी ठेवली, फक्त तेवढं लिहायचं राहून जायचं.

ज्येष्ठ लागला आणि गिटार झाली. कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून आपण एकेक स्क्रू परत बसवला. मधुकरांच्या पेटीत जास्तीच्या तारा होत्या, त्या चढवल्या. बारीक वायर तुटलेली होती, ती मात्र आपल्याला जोडता येईना. म्हणून गिटार गोधडीत गुंडाळून आपण सकाळच्या गाडीने नवापूरला गेलो. तुम्ही तीन स्टेशनं ती मांडीवर घेऊन बसलात. चिंचपाड्याला एका बाईने विचारलं, बाळ आजारी आहे का. तुम्ही म्हणालात, आता बरं आहे.

इब्राहीमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी झाकण काढून तुटलेली वायर कथलाने डाखली. मग म्हणाले, वाजतंय का बघू. मोठ्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोनची वायर खुपसायची भोकं असतात, त्यात त्यांनी गिटारीची वायर घातली. रेडिओ तापायला वेळ लागला. आधी नुसती घूं घूं. इब्राहीमभाई म्हणाले, छेडा की एखादी तार. मी मागे सरकले. तुम्ही तुमच्या करंगळीने सगळ्यात जाड तार हलकेच ओढलीत.

दुकान भरून गेलं, आबा. समोरून जाणारा एक माणूस सायकलवरून उतरला. तुम्ही हात असा मागे घेतलात, जणू चटका बसलाय. आवाज विरेपर्यंत थांबलात आणि पुन्हा ओढलीत. मग दुसरी तार. मग इब्राहीमभाईंनी पोलादी कांडी तुमच्या हातात दिली आणि ती तारेवर सरकवायला सांगितली. तो आवाज वर चढत गेला, कुणीतरी लांबून कुणाला हाक मारावी तसा.

तुम्ही स्टुलावर बसलात. माझ्याकडे बघून म्हणालात, “मधू हाईच वाजाडस का?”

मी म्हटलं, हो आबा.

“माले वाटे, नुसता पाट ठोकत बठस.” मग बराच वेळ तुम्ही गिटारीच्या पाठीवर हात ठेवून बसलात. आवाज थांबला तरी लाकूड अजून थरथरतंय का ते बघत होतात. इतकी वर्षं मुलगा काय वाजवतो हे तुम्ही ऐकलंच नव्हतं. घरात वीज नव्हती, एवढंच त्याचं कारण.

मग उठून तुम्ही विचारलंत, “सुरतनी गाडी कितीले शे?”

मी म्हटलं, आबा, कपडे नाहीत, म्हैस आहे घरी. तुम्ही इब्राहीमभाईंना सांगितलंत, गार्डाबरोबर खांडबाऱ्याला निरोप द्या, शेजारच्या गंगूबाईंना म्हणावं दोन दिवस धार काढा. आणि दुपारच्या गाडीत बसलात. मला सुरतेला पोचवायला माझे वडील निघाले असते तरी इतक्या घाईत नसते.

मधुकरांनी खोलीचं दार उघडलं. तुम्ही आत जाऊन खाटेवर गोधडी सोडलीत. ते वाकले, गिटारीच्या कडेवरून बोट फिरवत गेले, उलटी करून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली. म्हणाले, “तुटली कुठे होती?” त्यांना खरंच सापडत नव्हतं. तुम्ही नेमकं त्या शिवणीच्या तुकड्यावर बोट ठेवलंत. “आठे.”

“कोणी केलं हे?”

“सुमननी करं. मी नुसतं धरेल व्हतं.”

मधुकर माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी लाजले. मग ते तुमच्या पाया पडले आणि तुम्ही त्यांचं डोकं असं दाबून धरलंत की त्यांना उठताच येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका लग्नात त्यांची पार्टी होती. तुम्ही सतरंजीवर अगदी पुढे बसलात, टोपी मांडीवर ठेवून. संपल्यावर मधुकरांनी विचारलं, कसं वाटलं. तुम्ही म्हणालात, “आवाज चांगला शे. पन तू घाई करस.” मधुकर असे हसले की पार्टीतले लोक वळून बघायला लागले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. मधुकर शनिवारी यायला लागले. पुढच्या वर्षी मी सुरतेला राहायला गेले. तुम्ही इथून हलला नाहीत, पण दिवाळीला आणि अखाजीच्या सणाला आम्ही यायचो आणि तुम्ही मला अजून डोळे मिटून ढलप्यांचा वास घ्यायला लावायचात. मी सांगायचं ठरवून यायची आणि न सांगता परत जायची.

आबा, मी तुमच्यावर चिडलेही आहे. हे आज लिहून टाकते. माझी चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, त्यामुळे मला कुणी रागावलंच नाही, आणि रागावलं नाही म्हणून कुणी माफही केलं नाही. इतकी वर्षं मधुकर माझं कौतुक सांगत आले. माझ्या बायकोने माझी गिटार दुरुस्त केली, असं पार्टीतल्या प्रत्येकाला सांगायचे. आणि वर म्हणायचे, आबांनी मोडली, हिने जोडली. ते गमतीत म्हणायचे. तुम्हीही हसायचात. मला ते दर वेळी गिळावं लागायचं. तुम्ही माझं भलं केलंत की मला अडकवून ठेवलंत, हे मला ठरवता येत नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे काल, मधुकर मागच्या पडवीत झाडत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. कडबा, बुधवार, मुंबई, तुम्ही काय बोललात आणि मी काय बोलले नाही. ते झाडू हातात धरून ऐकत राहिले. मग झाडू ठेवला आणि स्टेशनाच्या बाजूला चालत गेले. दुपारी आले, जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळीही नाही.

आज सकाळी त्यांनी विचारलं, “त्या चार महिन्यांत आबा माझं नाव काढायचे का?”

मी नमस्काराचं सांगितलं. ते पत्रात नसायचं, मी सांगायची, तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही विचारायचात. ऐकता ऐकता मधुकर ओट्यावर बसले आणि रडायला लागले. तुमचा देह नेला तेव्हाही ते असे रडले नव्हते.

डोळे पुसून म्हणाले, “मी त्यांना चार महिने दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, सुमन. ते मला आता परत करता येणार नाही.”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मग म्हणाले, “पण तेव्हा खरं कळलं असतं तर मी तुला कळसाडीला धाडून दिलं असतं. परत आणलंही नसतं कदाचित. तेव्हा मी तसा होतो. आबांना ते माहीत होतं. त्यांच्यावर मी कितीही चिडलो तरी कुठे जाणार होतो.”

आबा, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं तुम्ही नुसती दया केलीत. तुम्ही त्या शनिवारी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलंत, मुलाकडे पाहिलंत, आणि कुणावरचा राग हे घर सोसू शकेल याचा अंदाज घेतलात. लाकूड बघावं तसं. आणि तो राग स्वतःवर घेतलात. मग चार महिने त्याच रागाखाली बसून माझ्याबरोबर लाख घासत राहिलात.

मधुकर आता आत भाजी चिरताहेत. थोड्या वेळापूर्वी मीठ कुठे आहे एवढं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते तुमच्यावर आता रागावलेले नाहीत, आबा. माझ्यावर थोडे आहेत, आणि काही दिवस राहतील. राहू द्या. तो राग माझा होता, आज माझ्याकडे आला.

तुमची,
सुमन